आमची वाटचाल : टेस्टर, वही आणि नापासांचा खण

व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या अँप्लिफायरमधल्या काचेच्या निर्वात नळ्या, विकायचे असं आमच्या डोक्यातही नव्हतं. मी आणि माझा धाकटा भाऊ जुने व्हॉल्व्हचे अँप्लिफायर दुरुस्त करायचो. त्याच्याकडे सोल्डरिंग, माझ्याकडे हिशेब. दुरुस्ती झाली की गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "आता व्हॉल्व्ह कुठले टाकू?" उत्तर द्यायचं तर माल जवळ हवा, म्हणून माल आणला. आणि पहिल्याच खेपेला फसलो.

खरेदी होती ईसीसी83 ची. प्रीअँपमधला, म्हणजे बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागातला, हा दुहेरी ट्रायोड (एका काचेत दोन व्हॉल्व्ह), अमेरिकी नाव 12एएक्स7. जुनी खोकी, वर मुलार्ड या जुन्या ब्रिटिश कंपनीचं नाव. भावाने एकावरची छपाई अंगठ्याने चोळली, ती निघाली. "दादा, गंडवलं आपल्याला," तो म्हणाला. गंडवलं होतं हे खरं, पण पुरावा चुकीचा होता. मुलार्डच्या अस्सल जुन्या व्हॉल्व्हची छपाईही अशीच निघते. (हे कळेपर्यंत आम्ही दोन खऱ्या व्हॉल्व्हची नावं पुसून बसलो होतो. ते अजून बिननावाचे आमच्याच अँपमध्ये वाजतात.) खरी खूण काचेत असते. तळाजवळ बारीक कोड कोरलेला असतो आणि व्हॉल्व्ह मुलार्डच्या इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातला असेल, तर त्याची दुसरी ओळ 'बी'ने सुरू होते. आमच्या त्या मालावर कोडच नव्हता. विकणाऱ्याने नंतर फोन उचलला नाही.

त्या तोट्यातून टेस्टर आला. आधी जुना, फक्त एमिशन (तापल्यावर व्हॉल्व्ह किती इलेक्ट्रॉन सोडतो ते) दाखवणारा घेतला. त्याचा काटा हिरव्यात गेला की व्हॉल्व्ह पास. पण तसे पास झालेले व्हॉल्व्ह फोनोच्या, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या, पहिल्या स्टेजला लावले की खरखर ऐकू यायची. तिथे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजकडून (सुई बसवलेल्या भागाकडून) येतात जेमतेम 5 मिलिव्होल्ट. एवढ्याशा सिग्नलपुढे व्हॉल्व्हचा स्वतःचा आवाजही मोठा ठरतो. मग भावाने स्वतःच एक पेटी बांधली. तिच्यात व्हॉल्व्हला खऱ्या कामाइतका व्होल्टेज द्यायचा, करंट आणि ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडचा, म्हणजे करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीचा, व्होल्टेज बदलला की करंट किती बदलतो ते) मोजायचा, मग हेडफोन लावून काचेवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारायची. 'टण्ण' वाजून लांबत गेलं की तो मायक्रोफोनिक, म्हणजे धक्क्याचाही आवाज करणारा. तसा व्हॉल्व्ह आम्ही फेकत नाही. सिग्नल मोठा असतो अशा पुढच्या स्टेजला तो निमूट काम करतो, म्हणून त्यावर तसं लिहून ठेवतो.

ईएल34 सारख्या पॉवर व्हॉल्व्हचं दुखणं निराळं. पुश-पुलमधल्या, म्हणजे आळीपाळीने काम करणाऱ्या जोडीतल्या, दोघांचे करंट जुळले नाहीत, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात डीसीचा फरक उरतो, खर्ज बिघडतो आणि गुणगुणही वाढते. म्हणून आम्ही आधी 24 तास तापवतो आणि मगच जोड्या लावतो. थंड, कोऱ्या व्हॉल्व्हचं पहिलं माप मी वहीत लिहीतच नाही.

तरी आमची सगळ्यात मोठी चूक व्हॉल्व्ह निवडण्यातली नव्हतीच. एका गृहस्थांच्या अँपने आमचे ईएल34 चे तीन संच खाल्ले. प्रत्येक वेळी एकाच बाजूच्या प्लेटा (करंट गोळा करणारे आतले पत्रे) तापून लाल. आम्ही मुकाट्याने बदलून देत गेलो आणि मनातल्या मनात कारखान्याला शिव्या घातल्या. चौथ्या वेळी भावाने व्हॉल्व्ह काढून सॉकेटच्या ग्रिडच्या पिनेवर मीटर लावला. बायस, म्हणजे ग्रिडवरचा उणे व्होल्टेज, असायला हवा होता तितका उणे नव्हताच. आधीच्या स्टेजचा सिग्नल पुढे सोडून तिचा डीसी अडवणारा कपलिंग कपॅसिटर गळत होता. गळती 2 मायक्रोअँपिअरची, आपल्याला ती क्षुल्लकच वाटते. पण 470 किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरवर तिचा जवळपास 1 व्होल्ट होतो, तेवढ्याने प्लेटचा करंट कित्येक मिलिअँपिअरने चढतो. इथे तर गळती त्याच्या कितीतरी पट होती. काही पैशांचा तो कपॅसिटर, आणि आम्ही संचामागून संच ओतत होतो.

तेव्हापासून जुन्या अँपसाठी नुसते व्हॉल्व्ह मागणाऱ्याला आम्ही आधी विचारतो, "कपॅसिटर कधी बदललेत?" काही गिऱ्हाइकं चिडून दुसरीकडे जातात. जाऊ देत. बायसही आम्ही सावध ठेवतो. ईएल34 ची प्लेट 25 वॅटपर्यंत उष्णता सोसते, पण स्थिर अवस्थेत आम्ही 70 टक्क्यांच्या आत राहतो. म्हणजे 420 व्होल्ट असतील तर 40 मिलिअँपिअर, झाले 16.8 वॅट. आणखी चढवलं तर आवाज सुधारतो असं काही जण सांगतात. मला तो फरक कधी ऐकू आला नाही, लवकर मेलेले व्हॉल्व्ह मात्र पाहिलेत.

आज बहुतेक नवा माल चीन, रशिया आणि स्लोव्हाकियातून येतो. जुन्या, न वापरलेल्या मालाची हौस मलाही आहे, पण तो विकताना वहीतलं माप सोबत जातं. नुसतं नाव आम्ही विकत नाही.

खाली एक खण पूर्ण नापासांचा आहे. त्यातल्या एका व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा गेटरचा (आत उरलेली हवा शोषणाऱ्या लेपाचा) चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झालाय. कामाला नवा मुलगा आला की भाऊ पहिल्या दिवशी तोच त्याच्या हातात देतो आणि विचारतो, "याला काय झालंय, सांग." हवा शिरली आहे हे ओळखायला कुणाला मिनिट लागतं, कुणाला आठवडा.