तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला चार्टर शाळेत घालावं का?

बॉस्टनकडे नव्याने येणारी मराठी मंडळी हे हमखास विचारतात. माझा उलटा प्रश्नही ठरलेला: घर कुठे घेताय?

चार्टर शाळा खासगी नसते. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. आपल्याकडच्या अनुदानित शाळेसारखं समजा, पैसा सरकारचा आणि कारभार स्वतंत्र मंडळाचा. पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये परवाना पाच वर्षांचा, काम धड नसेल तर राज्य तो काढून घेऊ शकतं. (अनुदानित शाळांना हे लावून बघा!) जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत.

या सोडतीमुळे अभ्यासकांची चांगली सोय झाली. नंबर लागलेली मुलं आणि न लागलेली मुलं, अर्ज तर दोघांच्याही घरच्यांनी केलेला. मग शाळेचा फरक वेगळा दिसतो. बॉस्टन शहरातल्या चार्टरची मुलं, विशेषतः गणितात, बरीच पुढे गेली. शहरांबाहेरच्या चार्टरमध्ये मात्र फायदा दिसला नाही, उलट काही मुलं मागेच पडली. म्हणून घराचा पत्ता विचारते. चांगल्या सरकारी शाळांच्या गावात महागडं घर घेऊन वर चार्टरचा अर्ज कशाला? बॉस्टनमध्येच राहणार असाल तर जरूर भरा.

पण शहरातल्या त्या शाळांची शिस्त कडक, दिवस लांबलचक. काही मुलांना मानवतं, काही कोमेजतात. शिवाय मूल चार्टरला गेलं की त्याच्या वाट्याचा पैसाही गावच्या शाळेकडून जातो. वर्गातली दोन मुलं कमी झाली म्हणून शिक्षकाचा पगार किंवा हिवाळ्यातलं हीटिंगचं बिल थोडंच कमी होतं? २०१६ मध्ये राज्यातल्या चार्टर शाळांच्या संख्येवरची मर्यादा वाढवायचा प्रस्ताव मतदानाला आला, तेव्हा सुमारे ६२ टक्के लोकांनी नाही म्हटलं. मला ते पटलं होतं. तरी सोडतीत नाव घालणाऱ्या आईला मी नावं ठेवणार नाही.

पेनसिल्व्हेनियात ऑनलाइन चार्टरची चलती आहे. त्या वाटेला जाऊ नका. स्टॅनफर्डच्या २०१५ च्या अभ्यासात अशा शाळांतली मुलं गणितात १८० दिवसांनी, म्हणजे अख्ख्या शालेय वर्षाने, मागे पडलेली दिसली.

शाळा बघायला जाल तेव्हा एवढं विचारा: नववीला किती मुलं होती, त्यांतली बारावीपर्यंत किती टिकली, आणि मधे रिकाम्या झालेल्या जागा तुम्ही भरता का?