तुम्ही विचारलंत म्हणून: माईक आधी की एम.ए. आधी?

"सर, बी.एस्सी. ॲग्री झालंय. आता जर्नलिझमला एम.ए. करू, का डायरेक्ट चॅनलचा माईक हातात घेऊ?" मानवतच्या एका मुलीने मागच्या आठवड्यात फोन करून विचारलं. हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. कधी पोरं विचारतात, कधी त्यांचे वडील. वडिलांच्या प्रश्नात फक्त पोटापाण्याची काळजी जास्त असते. फोनवर मी घाईत ज्याला त्याला वेगळं उत्तर देतो, म्हणून एकदा बसून लिहितोय.

मी दोन्ही केलंय, पण उलट्या क्रमाने. आधी माईक, मग एम.ए.

जिंतूरला आमचा फोटो स्टुडिओ होता. लग्न, बारसं, प्रचारसभा, मिळेल ते शूट करायचं. २००७ साली झी २४ तास आणि स्टार माझा आले, पुढच्या वर्षी आयबीएन लोकमत आणि साम. स्टार माझाचं पुढे एबीपी माझा झालं. या सगळ्यांना तालुक्यातालुक्यातून दृश्यं हवी होती, आणि तालुक्यात कॅमेरा असायचा तो लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे. असा मी स्ट्रिंगर, म्हणजे पगार नसलेला, बातमीमागे पैसे घेणारा वार्ताहर, झालो. मुलाखत नाही, परीक्षा नाही, हातात चॅनलच्या लोगोचा बूम माईक आला आणि झालो पत्रकार. स्टोरी चॅनलवर लागली तर पैसे, नाही लागली तर पेट्रोल आपल्या खिशातलं. सुरुवातीला मिनी-डीव्हीची टेप पाकिटात घालून परभणीच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करायची, तिथून आमचा एक जण ती रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला सोडायचा.

लग्नाच्या शूटिंगचा हात बातमीला कसा नडतो, ते तेव्हा कळलं. लग्नात कॅमेरा एका जागी थांबवायचाच नसतो. नवरदेवावर झूम इन, मामावर झूम आउट, मग मांडवभर फिरवून परत स्टेजवर. गारपिटीने झोपलेली ज्वारीसुद्धा मी तशीच काढून पाठवली होती. चॅनलच्या डेस्कवरून, म्हणजे बातम्या जोडणाऱ्यांकडून, फोन आला, "अरे बाबा, दहा सेकंद कॅमेरा एका जागी धर की! हे जोडू कुठे आणि कापू कुठे?" त्यांचं खरं होतं. पण याच्यापुढे शिकवायला त्यांना वेळ नव्हता. न्यूजरूम शिकवत नाही, ओरडते. ओरडण्यातून जेवढं उचलता येईल तेवढं आपलं.

आता जे सांगतो ते मी एरवी कुणाला सांगत नाही.

येलदरीच्या अलीकडच्या एका गावात शेतकऱ्याने जीव दिला होता. मी तिसऱ्या दिवशी गेलो. घरात बाया बसलेल्या, दाराशी चपलांचा ढीग. त्या वहिनी बाहेर आल्या, ओट्यावर टेकल्या आणि पाच-सहा मिनिटं बोलल्या. सोसायटीचं कर्ज, बोअरला न लागलेलं पाणी, त्या दिवशी सकाळी नवऱ्याने चहा अर्धा ठेवला तो. मी टेप मागे घेऊन पाहिली तर आवाजच नाही. माईकची पिन ढिली होती. हेडफोन स्टुडिओत राहिलेला, खरं तर तो लावायची सवयच नव्हती. मी म्हणालो, "वहिनी, पुन्हा एकदा सांगता का? आवाज आला नाही."

त्यांनी सांगितलं. अगदी त्याच क्रमाने. पण या वेळी मध्ये मध्ये थांबून माझ्याकडे बघत होत्या. संपल्यावर विचारलं, "आता बरं झालं का, दादा?"

त्या बाईटमधले, म्हणजे त्यांच्या बोलण्यातले, बारा सेकंद रात्री लागले. मला पैसे मिळाले. चूक कुणाच्याच लक्षात आली नाही, माझ्यासुद्धा. बॅटरी संपावी तशी ती एक अडचण होती, एवढंच मला वाटलं होतं.

२०१२ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, मी एम.ए.ला नाव घातलं. घरात हसले. वर्गातली पोरं मला काका म्हणायची. संस्थेचं नाव घेत नाही, कारण तिथला अर्धा अभ्यासक्रम नोट्सवर चालायचा आणि दोनपैकी एक कॅमेरा कायम कपाटात असायचा. चावी ज्या बाबूकडे, तो रजेवर. पण आवाजाच्या तासाला आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक सर येत. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं एक जुनं लागलेलं पॅकेज, म्हणजे जोडून तयार केलेली बातमी, मागितलं, लॅपटॉप स्वतःकडे फिरवला आणि मला म्हणाले, "डोळे मीट. आता ऐक." दोन मिनिटं दहा सेकंद. डोळे मिटून त्यात काहीच नव्हतं. माझा व्हीओ, म्हणजे दृश्यांवर वाचलेला मजकूर, त्याखाली फुकटात मिळालेलं दुःखी संगीत, मग बाईट, परत व्हीओ. गाव नाही, माणसं नाहीत. सर म्हणाले, "हे पॅकेज नाही. हे चित्रं लावलेलं पत्र आहे."

दुसऱ्या आठवड्यात वर्गमित्राला नातेवाईक करून बाईट घ्यायचा सराव होता. मी पुन्हा हेडफोन विसरलो. सरांनी आवाज तपासला, फाईल माझ्यासमोर डिलीट केली आणि मित्राला उठवून चहाला पाठवलं. "आता कर रीटेक," म्हणाले. समोर कुणी नव्हतं. तेव्हा मला तो ओटा आठवला.

तर कोर्सचं काम माझ्या लेखी हे आहे. तिथे तुमची चूक फाईलमध्ये मरते, कुणाच्या अंगणात जात नाही. बातमीची व्याख्या पुस्तकात मिळते, एडिटिंग यूट्यूबवर शिकता येतं, टेलिप्रॉम्प्टर वाचायला पंधरा दिवस पुरतात. कायद्याचंही तेच. पोक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, त्याच २०१२ सालचा. त्याच्या २३व्या कलमाने पीडित बालकाचं नावच नाही, पत्ता, शाळा, घरच्यांची माहिती, परिसर, ओळख पटेल असं काहीही दाखवायला बंदी आहे. आम्ही स्ट्रिंगर लोक चेहरा ब्लर केला की सुटलो समजायचो, आणि व्हीओत गावाचं नाव खणखणीत वाचायचो. पाचशे उंबऱ्यांच्या गावात ब्लर कुणासाठी? हे मला कुठल्याही डेस्कने सांगितलं नव्हतं. परीक्षेत दहा मार्कांना आलं, म्हणून कळलं.

बोलीचं खूप जण विचारतात. वर्गातल्या माझ्या पहिल्या पीटीसीत, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बोलताना, मी "पाऊस पडायलाय" म्हणालो होतो आणि अख्खा वर्ग हसला. पुण्या-मुंबईच्या कानाला आपलं करायलोय-जायलोय खटकतं, हे धरूनच चाला. प्रमाण मराठी शिका, ती नोकरीची भाषा आहे. पण ती शिकताना आपला हेल खरवडून काढू नका. उदगीरचा माणूस दादरचा आवाज काढून बोलायला लागला की ना तिकडचा वाटतो ना इकडचा. आणि गावात बाईट घेताना आपल्या बोलीत विचारलं तर माणूस मोकळा होतो, हे तर कुठल्या सिलॅबसमध्येही नाही.

कुठे करायचं, तर जवळचंच आधी बघा. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात माध्यमशास्त्राचं संकुल आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट. अमरावतीला भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे, तिथे मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. कॅमेरा, संकलन किंवा ध्वनी यातलं एकच पक्कं करायचं असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-टीव्हीच्या संस्थेत टेलिव्हिजनचे वर्षा-वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. नोकरीची हमी देऊन काही लाख मागणाऱ्या चकचकीत खासगी संस्थांपासून मात्र चार हात लांब राहा. शेत गहाण टाकून अँकर व्हायला निघालेलं एक पोरगं मी पाहिलंय. ते आता बँकेच्या वसुलीच्या फोनवर बोलतं. आवाज चांगला होता.

प्रवेश घ्यायच्या आधी एक दिवस तिथे जाऊन बसा. प्रॉस्पेक्टसवरच्या स्टुडिओच्या फोटोला भुलू नका. मागच्या वर्षीच्या पोरांनी केलेलं बुलेटिन दाखवा म्हणा. नसेल तर चहा पिऊन परत या. असेल तर डोळे मिटून ऐका. आणि कपाटाची चावी कुणाकडे असते, तेही विचारा. मी चेष्टा करत नाहीये.

रेडिओ कुणी विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं. परभणी, नांदेड, बीड, धाराशिव, संभाजीनगर, एवढी आकाशवाणी केंद्रं आपल्या उशाशी आहेत. तिथे नैमित्तिक, म्हणजे गरजेपुरतं बोलावल्या जाणाऱ्या, उद्घोषकांसाठी स्वरचाचणी होते. जाहिरातीवर नजर ठेवा, कोर्स करता करताही देता येते. पैसे फार नाहीत, पण चित्राचा आधार काढून घेतला की वाक्य कसं लिहायचं ते हाताला लागतं. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळे कॅमेरे इंजिनावर आणि हारांवर. मी वाघिणीच्या खाली बूम धरला आणि वीस सेकंद नुसतं पडणारं पाणी घेतलं. माझ्या पॅकेजमधलं तेवढंच डेस्कने न कापता लावलं.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर: जिल्ह्याच्या ठिकाणी या धंद्यात पैसा कमी आहे, पहिली तीन-चार वर्षं तर घरूनच भर घालावी लागते. दुसरं काही हाताशी असेल तर ते सोडू नका. म्हणूनच त्या मानवतच्या मुलीला म्हटलं, तुझी ॲग्रीची डिग्री हेच तुझं भांडवल. बोंडअळीवर बोलणारे शंभर रिपोर्टर आहेत, बोंड फोडून आतली अळी ओळखणारे किती? एम.ए. कर, पण आधी मोबाईलवर एक मिनिटाचं काहीतरी करून पाठव.

परवा तिने पाठवलं. तुरीच्या शेतात उभी राहून मर रोगावर बोलत होती. नीट, न अडखळता. मी डोळे मिटून ऐकलं. तिसाव्या सेकंदाला मागे विहिरीवरची मोटार घरघरायला लागली आणि पुढचं सगळं तिच्यात बुडालं. मी फोन करून विचारलं, मोटार कुणाची?

"आमचीच, सर."

मग बंद करायची ना.

"सर, लाईट आत्ताच आली होती. बंद केली असती तर पप्पांनी मलाच विहिरीत टाकलं असतं."