शकुंतला, रानपिंगळा आणि लग्नसराई

अंजनगावला माझा फोटो स्टुडिओ आहे. पोट लग्नांवर. पंचाईत अशी, की जंगलाचे फोटो काढायचा मोसमही नेमका लग्नसराईचाच. उन्हाळ्याच्या तोंडाशी साग पानं टाकतो, आतलं दिसायला लागतं, नाले आटतात आणि जनावरं उरलेल्या पाण्यावर येतात. म्हणून लोक पंचांगात मुहूर्त शोधतात, मी मुहूर्त नसलेल्या तारखा शोधतो.

सुरुवात घराजवळच्या शकुंतला या छोट्या रेल्वेपासून केली. मूर्तिजापूर–अचलपूर, अडीच फुटी रूळ. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत जावा म्हणून हा मार्ग झाला, आणि देश स्वतंत्र झाल्यावरही त्याची मालकी किलिक निक्सन या मूळच्या ब्रिटिश कंपनीकडेच राहिली. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत गाडी ओढत होतं, मग डिझेल आलं. आता गाडीच बंद आहे. रुळांत बाभूळ आणि बेशरम माजलीय.

गाडी बंद असली तरी जागा रेल्वेची. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली विनापरवानगी तिथे शिरणं गुन्हा आहे. अर्ज घेऊन गेलो तर एका टेबलाने दुसरं दाखवलं, दुसऱ्याने 'सायबांना भेटा' म्हटलं, आणि साहेब दौऱ्यावर. चिठ्ठी हातात पडेपर्यंत रस्त्यावरून आणि फाटकाजवळूनच काढले. नंतर ती खिशातून कधी बाहेर ठेवली नाही, कारण पोलिसांच्या आधी गावकरी येतात. रूळ चोरीला जातात, त्यामुळे पाठीवर पिशवी असलेल्या माणसावर त्यांची नजर असतेच.

"काय मोजून रायले साहेब? गाडी चालू होते काय?"

"नाही काका, फोटो काढतोय."

"मंग पेपरात टाका ना. आमची गाडी चालू करा म्हनाव."

पाथ्रोटकडे असो की दर्यापूरकडे, पहिला प्रश्न हाच. मी स्टुडिओवाला आहे, रेल्वेचा नाही, हे सांगून पटत नाही. चहा मात्र मिळतो.

रुळांचं एक तंत्र सांगतो. रुळाच्या अंगावर, खालच्या खोबणीत, कारखान्याची उठावाची अक्षरं असतात. दुपारी गेलात तर नुसता गंज दिसेल. सूर्य नुकता वर आला असताना पोटावर पडून पाहिलं, की तिरप्या उजेडात प्रत्येक अक्षराची सावली पडते. अर्धी अक्षरं गंजाने खाल्लेली असतात, तरी उरलेल्या अर्ध्यांचा फोटो छान येतो. आठ वाजले की खेळ खलास.

मेळघाटात मला वाघ नको होता. त्याच्यासाठी जिप्सींच्या रांगा लावणारे पुष्कळ आहेत. मला हवा होता रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला सापडला नव्हता, संपला असंच धरलं होतं. मग १९९७ साली पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळ दिसला, आणि पुढे मेळघाटातही सापडला. गावात दिसतो तो ठिपक्यांचा पिंगळा वेगळा. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, डोकं आणि चोच थोराड, छातीवर तपकिरी पट्टा. शिवाय तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो.

आमचा गाइड कोरकू पोरगा होता. त्याने हात वर केला, जिप्सी थांबली, आणि सागाच्या वाळक्या फांदीवर मूठभर पक्षी शेपूट झटकत बसलेला. झटका, थोडं थांबणं, पुन्हा झटका. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणारे असतात. आपल्या घरट्याच्या हद्दीत दुसरा घुसलाय समजून तो बिचारा अंडी सोडून भांडायला येतो. तसला फोटो मला नको. माझ्या फोटोत पक्षी लहानच आहे, भोवती फांद्यांची जाळी. जागा कुठली, ते इथेही लिहीत नाही.

जुना साग बघायचा म्हणून गडचिरोलीतल्या आलापल्लीला गेलो. जेमतेम सहा हेक्टरांचा हा तुकडा कुऱ्हाडीपासून राखलेला, २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालेला. 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणतात. आत गेल्यावर मान दुखते, पण फोटोत झाड काही मोठं वाटत नाही, चारचौघांसारखंच दिसतं. शेवटी सोबतच्या वनरक्षकांना बुंध्याशी उभं केलं. ते लग्नाच्या स्टेजवरच्यासारखे हात बांधून, दात दाखवून उभे! म्हटलं, "दादा, माझ्याकडे नका बघू, शेंड्याकडे बघा." मग बुडापासून वरपर्यंत एकेक तुकडा टिपत गेलो आणि घरी सगळे जोडले. तेव्हा कुठे झाडाची उंची कळली.

प्रिंटा स्टुडिओच्या काचेत लावल्या. रानपिंगळ्याला अजून गिऱ्हाईक नाही. घुबड घरात कोण लावेल, असं बायाच नाही, शिकलेले मास्तरही म्हणतात. सागाचं कौतुक होतं, विक्री नाही. शकुंतला खपते. पण म्हातारी माणसं वाफेचं इंजिन मागतात, आणि ते माझ्याकडे कुठून असणार? एक आजी म्हणाल्या, त्यांच्या लग्नाची वरात याच गाडीने गेली होती, अल्बम पेटीत आहे. तो आणवला. आता लोकांच्या घरचे १९९४ च्या आधीचे फोटो स्कॅन करून घेतो. पैसे घेत नाही, मूळ प्रत त्याच दिवशी परत. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्ह्याकडच्या कुणाच्या पेटीत असेल तर दुकानात घेऊन या. फक्त लग्नाची तारीख टाळून या, म्हणजे मी दुकानात सापडेन.