लाल साय निघाली

आज सकाळी समुद्री माशांच्या टाकीवरची जाड काळी चादर काढली. ३ दिवस लाइट पूर्ण बंद होता, फक्त एअर पंप चालू, कारण अंधारात ऑक्सिजन उतरतो. वाळूवरची लालसर-जांभळी चिकट साय जवळजवळ गेली होती. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

दोन महिने मी तिला शेवाळ समजत होतो. ते सायनोबॅक्टेरिया, उजेडावर जगणारे जिवाणू. नळीने ओढलं की ती दुधावरच्या सायीसारखी सलग सुटून येते, खाली बारीक बुडबुडे अडकलेले असतात. हिरवं केसाळ शेवाळ असं सुटत नाही, खडकाला घट्ट धरून बसतं.

एका दुकानात अँटिबायोटिक घालायला सांगितलं. मी ठाम नाही म्हणालो. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे चांगले जिवाणूही त्याच खडकांत राहतात, ते गेले तर मासे कसे जगणार? चादर घालण्याआधीच आमच्या परळच्या घरातल्या आरओचं, टाकीत घालायचं पाणी मोजलं होतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ३८! मेम्ब्रेन बदलला, पुढे उरलेले क्षार धरून ठेवणारं डीआय रेझिन जोडलं, आता ०. टाकीतलं पाणी जिथे हलायचं नाही त्या कोपऱ्याकडे वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप) वळवला, माशांचं खाणंही निम्मं केलं.

क्लाउनफिशची जोडी लगेच काचेशी आली. झोअँथिड (फुलांसारखे दिसणारे, प्रवाळांचे नातलग प्राणी) मात्र दुपारपर्यंत मिटलेलेच होते, मग एकेक उघडत गेले. आई मागे येऊन उभी राहिली, म्हणाली, "फुललं रे सगळं! आता तरी दोन घास नीट खा."

उद्या पाण्यातलं फॉस्फेट, म्हणजे या सायीचं खाद्य, पुन्हा मोजतो.