सीग्रॅम १:२०० : म्युलियनची सावली पडली एकदाची!

मंडळी, जमलं! न्यूयॉर्कच्या सीग्रॅम इमारतीचं १:२०० मापाचं मॉडेल करतोय, त्याची मागच्या वेळी दाखवलेली ती सपाट दर्शनी बाजू भंगारात काढली. नव्या पॅनलवर तिरपा दिवा धरला की म्युलियनच्या, म्हणजे खिडक्यांमधल्या उभ्या दांड्यांच्या, बारीक उभ्या सावल्या पडतात, आणि सीग्रॅमचा सगळा खेळ त्या सावल्यांचाच आहे.

या इमारतीचा सांगाडा पोलादी, पण आगीच्या नियमांपायी तो काँक्रीटमध्ये झाकावा लागला. मग वास्तुरचनाकार मीस व्हॅन डर रोहेने काचेबाहेर ब्राँझचे आय-सेक्शन (इंग्रजी I आकाराचे दांडे) लावले, तेच हे म्युलियन. मजल्यांचा भार त्यांच्यावर अजिबात नाही. पण ते काढा, १९५८ची ही ३८ मजली इमारत नुसता तपकिरी खोका उरते.

खरा म्युलियन सुमारे सहा इंच खोल, म्हणजे आपल्या स्केलला जेमतेम पाऊण मिलिमीटर. एवढा बारीक सेक्शन तयार मिळणं कठीण. फोटो-एच्ड (रसायनाने कोरलेली) धातूची जाळी लावली की खिडक्यांवर डासांची जाळी मारल्यासारखं दिसतं. शेवटी पितळी पट्टी कडेवर उभी करून अ‍ॅक्रिलिकच्या खाचेत बसवली आणि तिच्या माथ्यावर अर्ध्या मिलिमीटरची दुसरी पट्टी चिकटवली. आतला फ्लँज (I ची आतली आडवी पट्टी) सरळ गाळला, तो दिसतो कुणाला! सुपरग्लू मात्र जवळ आणू नका, अ‍ॅक्रिलिकवर पांढरी वाफ धरते. अतिनील दिव्याखाली घट्ट होणारं यूव्ही रेझिनच बरं.

आता खाचांची रडकथा. दोन खांबांमध्ये २७ फूट ९ इंच, त्यात सहा खिडक्या. म्हणजे एक खिडकी ७.०५ मिलिमीटर. लेसर कटिंगवाल्याने ते परस्पर ७ करून टाकलं. म्हणे, 'एवढ्याने काय होतंय?' पार्क अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला खांबांमधले असे पाच गाळे, म्हणजे तीस खिडक्या. शेवटाला दीड मिलिमीटर तूट, तीही बरोब्बर कोपऱ्यावर. तो माल परत केला. आता लोखंडी पट्टीचा जिग (मापाचा साचा) करून खाचा हातानेच पाडतोय. वेळखाऊ आहे, पण कोपरा जुळतो.

रंगात वेदरिंग (जुनाटपणाचे डाग) करणार नाही. हिरवट वॉश (पातळ रंगाचा हात) मारायचा मोह होतो, पण खऱ्या ब्राँझला हिरवा थर चढू नये म्हणून तेल लावून जपतात. सॅटिन वार्निश, बास.

हे लिहिताना पडद्यांचं डोक्यात आलं. खिडकीगणिक वेगवेगळ्या उंचीचे पडदे लावायचा बेत होता. पण तिथले पडदे तीनच ठिकाणी थांबतात: पूर्ण उघडे, अर्धे, पूर्ण बंद. म्हणजे तीन स्टेन्सिलमध्ये काम भागतं! आणि मधोमध एलईडीचा खांब उभा करण्याचा विचारही रद्द. इमारतीची प्रकाशयोजना करणाऱ्या रिचर्ड केलीने खिडक्यांलगतच्या छतातच उजेड खेळवला होता, तेव्हा आपल्याही पट्ट्या प्रत्येक मजल्याच्या कडेला. वायरिंग वाढेल, वाढू दे.

पुढच्या खेपेला इमारतीसमोरचा चौक. इमारत रस्त्यापासून ९० फूट मागे आहे, त्यामुळे बेसबोर्ड मोठा लागणार. चौकातल्या गुलाबी ग्रॅनाइटची शेड कुणाला साधली असेल तर मिश्रण सांगा. माझा रंग अजून स्ट्रॉबेरी आइस्क्रीमकडेच झुकतोय.