शिक्का शेवटी बघा

"आजेसासूबाईंच्या कपाटात जपानी कप-बश्या निघाल्या. तळाशी 'मेड इन जपान' आहे. किती जुन्या असतील, आणि विकल्या तर काय येईल?" थोड्याफार फरकाने हेच मला विचारलं जातं. सोबत फोटो एकच, शिक्क्याचा.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अमेरिकेने 1891 पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून तिकडे जाणाऱ्या भांड्यांवर 'निप्पॉन', म्हणजे जपानचं जपानी नाव, आलं. 1921 मध्ये तिथल्या कस्टम्सला 'निप्पॉन' चालेना, 'जपान'च हवं झालं. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर माल महायुद्धानंतरचा, 1952 पर्यंतचा. पण हा कायदा अमेरिकेचा. मुंबईत उतरलेल्या कपांशी त्याचा काय संबंध? शिक्का नाही म्हणजे 1891च्या आधीचं, हेही खरं नाही. काही मालाला नुसतं कागदी लेबल असायचं, ते पहिल्याच धुण्यात गेलं. आणि 'निप्पॉन'चे खोटे शिक्के तर सर्रास मिळतात.

खरी गंमत जुन्या मालात आहे. मिंग घराणं कोसळलं, चिनी माल मिळेना, तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीने 1659 मध्ये जपानच्या क्यूशू बेटावरच्या अरिता गावाला मोठी ऑर्डर दिली. त्या काळच्या अरिताच्या भांड्यांवर चक्क मिंग सम्राट चेंगहुआच्या कारकिर्दीचा शिक्का सापडतो. हा सम्राट 1487 मध्येच वारला होता, आणि जपानात पोर्सेलीन घडू लागलं ते सतराव्या शतकात! चिनी मालाचा दबदबाच तसा होता.

म्हणून मी आधी भांडं पालथं करून बैठक, म्हणजे भांडं ज्यावर टेकतं तो भाग, बघते. मोठ्या ताटाच्या तळाला, झिलईच्या मधोमध, तीन-चार खडबडीत ठिपके दिसतात का? भट्टीत ताटाचा पोटाकडचा भाग खाली बसू नये म्हणून अरितात मातीच्या बारीक सुळक्यांचा टेकू देत. भाजून झाल्यावर ते तोडले की ही खूण उरते. चिनी कारागीर सहसा असा टेकू देत नसत. अठराव्या शतकात चीनने अरिताच्या 'इमारी' नावाच्या भांड्यांच्या निळ्या-लाल-सोनेरी रंगसंगतीची नक्कल केली; ती ओळखताना हे ठिपके फार कामाला येतात. मग बैठकीच्या कडेवर भिंग धरायचं. वापराची झीज वेडीवाकडी असते, कुठे जास्त, कुठे कमी. सगळे चरे एकाच दिशेने असले तर कुणीतरी पॉलिशपेपर फिरवलाय. सोनं कानाशी आणि ओठ लागतो त्या कडेला आधी उडतं. तिथे ते झगझगीत असेल तर मला शंका येते. शेवटी टिचकी. आवाज बद्द आला की केसाएवढा तडा शोधायचा.

राहिली किंमत. उजेडात धरला की तळात बाईचा चेहरा दिसतो, तो ड्रॅगनवाला टी-सेट पुष्कळांकडे असतो, आणि तोच सगळ्यांना खजिना वाटतो. विसाव्या शतकात तो ढिगाने बनला. देखणा आहे, पण त्यावर घराचा हप्ता फिटणार नाही. एखादा कप फुटलेला असेल तर भाव आणखी उतरतो.

आता फोटो पाठवाल तेव्हा पूर्ण तळ, बैठकीची कडा आणि कान जवळून पाठवा. टवका उडालेला असेल तर तोही दाखवा. आणि कृपा करून आधी ब्लीचमध्ये बुडवू नका. सोनं झिलईच्या वर असतं, ते निघून येतं.