गुड फ्रायडेला काल्वारियाची वाट

काल्वारिया झेब्झिदोव्स्का हे गाव पोलंडमधल्या क्राकूव शहराच्या नैऋत्येला साधारण ३५ किलोमीटरवर आहे. बरेच पर्यटक टेकडीवरच्या बर्नार्डाइन या ख्रिस्ती संन्याशांच्या मठाचं दोन मनोऱ्यांचं चर्च पाहतात आणि शेजारच्या वादोवित्सेला, म्हणजे पोप जॉन पॉल दुसरे यांच्या जन्मगावी निघून जातात. मला तसं करायचं नव्हतं. इथलं खरं वैभव चर्चबाहेर, डोंगरउतारावर पसरलेलं आहे आणि ते पायांनीच पाहावं लागतं.

१६०० साली मिकोवाय झेब्झिदोव्स्की या बड्या सरदाराने इथल्या झार टेकडीवर क्रुसारोहणाचं छोटं चर्च उभारायला घेतलं. पुढे इथे सगळं जेरुसलेमच उभं करायचं त्याच्या मनात आलं. जुन्या नकाशावरून ठिकाणांची मांडणी बेतली गेली: झार टेकडी झाली गुलगुथा, म्हणजे येशूला क्रुसावर दिलं ती जागा, आणि स्काविंका नदी झाली जेरुसलेमजवळचा किद्रोन ओढा. पॉल बाउदार्थ या फ्लेमिश कारागिराने एकेका प्रार्थनामंदिराला वेगळा आकार दिला. मरिया आणि येशू या आई-लेकाची भेट जिथे होते, ते मंदिर तर हृदयाच्या आकाराचं आहे! गाव वसलं त्यानंतर, १६१७ मध्ये. १९९९ पासून हा सारा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, इथे येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग प्रत्यक्ष त्या त्या जागी सादर होतात. गर्दी अफाट असते, म्हणून मी आदल्या दिवशीच मुक्कामाला आलो. सोबत पाणी, पाव आणि चिखलात टिकतील असे बूट. हे तिन्ही लागतातच, कारण वाट जंगलातून आणि चढउतारांची आहे.

सकाळी लवकर कयफाच्या, म्हणजे येशूची चौकशी करणाऱ्या महायाजकाच्या, घराच्या मंदिरापासून लोक निघाले. गावोगावचे जथे आपापले झेंडे घेऊन आलेले. कुणीतरी गीताची ओळ उचलायचं आणि मागचे सगळे ती पुरी करायचे. दिंडीत वाढलेल्या माणसाला हे परकं वाटूच शकत नाही. पोलिश मला जेमतेम कळते, पण प्रसंग माहीत असल्याने काही अडलं नाही.

येशूला शिक्षा सुनावणारा रोमन सुभेदार पिलात, त्याच्या वाड्यापाशी मी बराच वेळ थांबलो. तिथल्या पवित्र पायऱ्या भाविक गुडघ्यांवर चढतात. एक आजी प्रत्येक पायरीवर थांबून प्रार्थना म्हणत होत्या आणि मागच्या कुणालाही घाई नव्हती. मी त्यांच्या मागोमाग तसाच चढलो. दगड थंड होता, गुडघे ठणकत होते, तरी मधेच उठून उभं राहावंसं वाटलं नाही. पुढे कुरेनेचा शिमोन येशूचा क्रूस उचलायला आला, तेव्हा इतका वेळ गाणारा जमाव एकदम गप्प झाला.

शेवटचा चढ गुलगुथाचा. क्रुसारोहणाच्या चर्चपर्यंत पोचायला गर्दीमुळे फार वेळ लागला, पण रांगेत कुणी ढकलाढकली केली नाही.

उतरताना मठात जाऊन मरियेचं चित्र पाहिलं. ते १६४१ मध्ये इथे आलं. त्याच्यावर रक्ताचे अश्रू दिसले, अशी परंपरा सांगते. आई वारल्यावर लहानग्या कारोल वॉयतिवाला, म्हणजे पुढच्या पोपना, वडिलांनी इथेच आणलं होतं. पोप म्हणून ते १९७९ आणि २००२ मध्ये पुन्हा आले.

वसंतात जमत नसेल तर ऑगस्टमध्ये, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला जा. तेव्हा निद्रिस्त मरियेची मूर्ती मिरवणुकीने निघते आणि वाट याच टेकड्यांमधून जाते.